जावयाची सही

माणिकपूर,
१४ जानेवारी १९५८

प्रिय व्हॅलेरियन,

तू सांगितलेली नक्कल मिळाली. बाबांचं मृत्युपत्र आणि ते खरं असल्याचं कोर्टाचं प्रोबेट, दोन्ही, शिक्क्यासकट. ठाण्याला तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला अर्जावर मी बाबांच्या मृत्यूचं साल चुकवलं, दुसऱ्या खेपेला रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ रजेवर. तुझ्या पायांची सूज उतरली का? डॉक्टरांनी मीठ बंद केलंय म्हणे. सुका बोंबील चोरून खाऊ नकोस, तुझी खोड मला लहानपणापासून माहीत आहे.

तिसऱ्या खेपेला त्या गृहस्थांना माझी दया आली असावी. म्हणाले, बाई, तुम्हाला वाचता येतंय, बसा आणि शोधा तुमचं तुम्ही. वसईकडची प्रोबेटची प्रकरणं तिथे लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेली असतात. एका रुमालात पाच-सहा वर्षांची प्रकरणं, एकावर एक. मी धूळ झटकली, गाठ सोडली आणि नाकाला पदर लावून बसले. शोधता शोधता आपल्या गावांतली निम्मी माणसं भेटली. कोणी मोठा पलंग कोणाला ठेवला, कोणी सुनेला काही ठेवलं नाही. मला मजा वाटू लागली होती, खोटं कशाला सांगू?

बाबांचा कागद हातात आला तेव्हा मात्र डोळे भरले. कागद तुझ्या अक्षरातला. तुला पाटीवर अक्षरं मी शिकवली. ‘ळ’ काही केल्या तुला जमेना. शेवटी तू त्याला खाली एक शेपूट काढायला लागलास, आणि मी मारलं तरी ते शेपूट गेलं नाही. ‘बावखलाजवळची केळीची वाडी मुलगी बर्था हिला’ या एका ओळीत अशी दोन शेपटं आहेत. मी त्यांवरून बोट फिरवलं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. एकोणपन्नास साल, ईस्टरनंतरचा रविवार. बाबा ओटीवर टेकून बसलेले, तू मांडीवर पाट घेऊन लिहितोयस. बाबा म्हणाले, “घर नि बाकीची जमीन तुला. पन बावखलाच्या तळ्याचं पानी नि वाडी बर्थाची. तिनं माझ्याबरोबर रहाट हाकलाय.” मी आत गेले आणि चुलीपुढे बसून रडले. बाहेर आले तेव्हा सह्या चालल्या होत्या. तू तुझं नवं शाईचं पेन पास्कलपुढे धरलंस आणि हसत म्हणालास, “भावोजी, साक्षीदाराची पयली सही तुमची. जावयाचा मान हाय.” बाबाही खूष झाले. पास्कलने बाही वर केली आणि शाळेच्या दाखल्यावर करायचा तशी पूर्ण नावाची सही केली. मान मिळाला म्हणून घरी येईपर्यंत तो शीळ घालत होता.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. प्रोबेट झालं, आणि वाटणीच्या दिवशी तू कायद्याचं पुस्तक घेऊन आलास. कलम सदुसष्ट. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला किंवा त्याच्या बायकोला ठेवलेलं सगळं रद्द. सही तेवढी खरी, देणं मात्र बाद. वाडी तुझ्या हिश्शात गेली. तू डोक्याला हात लावून बसलास. “बाय, मला तरी कुठं ठाव होतं? कायद्यानं आपल्या दोघांना फसवलं,” असं म्हणालास, आणि मीच तुला पाणी आणून दिलं. शेजारच्या बळीराम म्हात्रेच्या मृत्युपत्रावरही त्याच्या जावयाचीच सही होती. त्याच्या लेकीला तिची वाडी मिळाली, कारण हिंदूंना ते कलम लागू नाही. आपल्याला आहे. मला वाटलं, इतकी बारीक गोष्ट माझ्या भावाला कुठून कळणार? तू वकिलांचा कारकून होतास, वकील नव्हतास.

मग राग काढायला माणूस लागतं. माझ्या घरात ते एकच होतं.

व्हॅलेरियन, मी पास्कलला काय काय बोलले ते तुला माहीत नाही. मास्तर म्हणवता आणि न वाचता सही करता, असं पोरीच्या, लिलीच्या देखत म्हणाले. केळी विकत घ्यायची वेळ आली की दर खेपेला टोमणा. तेव्हापासून शाळेच्या मस्टरवर सही करतानासुद्धा तो दोनदा वाचायचा, बाकीचे मास्तर हसायचे. शेवटच्या दुखण्यात एकदा मी तुझं नाव काढलं, पेन त्यानेच तुमच्या हातात दिलं ना, म्हणून. तर म्हणाला, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, चूक माझी. ते ओझं घेऊनच तो गेला. आज लिली बावीस वर्षांची आहे, आणि तिलाही हेच ठाऊक आहे की तिच्या बाबांनी आईची वाडी घालवली. हे तिला मी शिकवलं.

आता त्या रुमालाचं सांगते. बाबांचं प्रकरण काढून घेतलं आणि खालचे कागद नीट लावायला गेले. त्यांत पापडीच्या एका डेल्फिनचं प्रकरण होतं. कोण ती, मी ओळखत नाही. तिच्या बापाने तिला घराच्या दोन खोल्या ठेवल्या होत्या. सोबत मिळकतीची यादी जोडलेली, आणि यादीखाली लिहिलेलं, ‘डेल्फिन ही साक्षीदाराची बायको असल्यामुळे कलम ६७ प्रमाणे तिला ठेवलेल्या खोल्या रद्द; त्या तिच्या भावाकडे जातील.’ मी पुढे जाणार होते. पण ‘असल्यामुळे’मधल्या ‘ळ’ला शेपूट होतं. यादीच्या मथळ्यातल्या ‘मिळकती’लाही होतं. खाली तुझी सही, वकिलांचा कारकून म्हणून. तारीख ऑगस्ट सत्तेचाळीस. बाबांच्या ओटीवर तू पास्कलपुढे पेन धरलंस त्याच्या पावणेदोन वर्षं आधीची.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ते गृहस्थ विचारायला आले, बाई, बरं वाटत नाही का? तू केसाने गळा कापलास रे माझा, आणि वर माझ्याच हातचं पाणी प्यालास. वाडी हवी होती तर तोंडाने मागायचीस. तुझ्यासाठी मी शाळा सोडली, तशी वाडीही सोडली असती. पण तू मानाचं नाव पुढे केलंस. तुझ्या भावोजीला तो मान किती गोड लागेल हे तुला पक्कं ठाऊक होतं. कागद मी होते तसे परत रचले, डेल्फिनचा खाली, बाबांचा वर, आणि रुमालाची गाठ घट्ट मारली. परत येताना देवळामागे पास्कलच्या कबरीशी गेले. तिथे काय बोलले ते तुला सांगणार नाही.

हे सगळं तोंडावर बोलता आलं असतं. पण तुझ्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं होतं, म्हणून लिहायला बसले. तू लिहिलं आहेस, आता माझा भरवसा नाही, मृत्युपत्रात सगळं पोराच्या, फेबियनच्या नावे करतोय, रविवारी देवळातल्या मिस्सेनंतर डॉक्टर येणार आहेत, दुसरी साक्षीदार म्हणून बाय, तूच सही कर, तुझ्याइतकं विश्वासाचं माणूस मला नाही. येईन मी. नक्कल घेऊन येईन आणि लिलीलाही आणीन. कागद पुढे करण्याआधी तिच्या तोंडाकडे बघून एकदाच सांग, की तुझ्या बाबांची चूक नव्हती, मला ठाऊक होतं. हे बोललास तर मी सही करीन, नाहीतर जशी आले तशी उठेन. वाडी मागणार नाही, घाबरू नकोस. फेबियन माझाही आहे, त्याच्या कागदात खोट नको. साक्षीदार असाच लागतो ना, ज्याला त्या कागदातून काहीच मिळत नाही? तशी तू मला केव्हाच करून ठेवली आहेस. पेन मात्र माझं मी आणीन.

तुझीच,
बाय