टपावरचा अंगठा

४ सप्टेंबर, गुरुवार

आरसा हरवला! माझ्या छोट्या मॉडेल गाडीच्या डाव्या दाराचा, तांदळाच्या दाण्याएवढा. कटरने प्लॅस्टिकच्या फ्रेममधून सोडवताना टिक् आवाज झाला आणि उडाला. टॉर्च घेऊन टेबलाखाली गुडघ्यांवर रांगले. सापडलं काय — एक बटण, पेनाचं टोपण आणि गेल्या वर्षीच्या गाडीचं स्टिअरिंग. ते शोधताना तेव्हा रडायचीच बाकी होते.

सासूबाई खुर्चीतून तमाशा बघत होत्या. म्हणाल्या, "आरशावाचून काय अडलंय? त्या गाडीत बसून जायचंय कुठे तुला?"

पुन्हा टेबलाखाली शिरले. गुडघे दुखतायत.

५ सप्टेंबर

आरसा माझ्याच स्वेटरच्या बाहीत! कवळ्यांच्या लॅबमध्ये बाह्या दुमडल्या आणि समोर साच्यावर पडला. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, "मॅडम, हा कुणाचा दात?" हसले. दिवसभरात तेवढंच.

७ सप्टेंबर, रविवार

रविवार म्हणजे त्याचा फोन. आईला. मी फोन सासूबाईंच्या हातात देते आणि स्वयंपाकघरात जाते. भिंत पातळ आहे, त्यामुळे जाऊन न जाऊन सारखंच. "बरी आहे रे... हो, करते ती सगळं... देऊ का तिला?... बरं, नको."

फेब्रुवारीत तो घर सोडून गेला, तिकडे दुसरा संसार मांडला. तेव्हा सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून "थोडे दिवस" त्या माझ्याकडे. प्लास्टर निघालं. काठी आली. थोडे दिवस काही संपेनात. विषय कुणीच काढत नाही — ना तो, ना मी, ना त्या. फ्लॅट माझा, बाबांनी ठेवलेला. नवरा राहिला नाही आणि सासू राहिली! मैत्रिणीला सांगितलं असतं तर पोट धरून हसली असती. मैत्रीण असती तर.

संध्याकाळी इंजिन जोडलं. जुन्या पद्धतीची चार दारांची गाडी आहे, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची. इंजिन माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंसंच मोठं. त्यातसुद्धा वायरी घातल्या, केसासारख्या तांब्याच्या तारा काढून. खोक्यात नसतात त्या, आपण आपल्या घालायच्या. इतकं सुरेख दिसलं की उठून हात धुऊन आले आणि परत बघितलं.

सासूबाई काठी टेकत आल्या. "हे झाकण लावल्यावर दिसणार?"

"नाही."

"मग कशाला मर मर मरायचं?"

"तुम्ही कपाटाच्या आत कागद घालता, तो कोण बघतं?"

"हं," म्हणाल्या. त्यांचं 'हं' म्हणजे पटलंय, पण कबूल करणार नाही.

१३ सप्टेंबर

अस्तराचा करडा रंग मारला. खिडक्या सताड उघड्या, पंखा चालू, तरी आतून हाक — "अगं दातवाले, डोकं चढलं माझं!" दातवाली म्हणजे मी. कवळ्या करते म्हणून. लग्न ठरलं तेव्हापासून म्हणतात. सुरुवातीला राग यायचा.

१७ सप्टेंबर

हिरवा रंग, पहिला हात. संत्र्याच्या सालीसारखा आला — सगळा खरबरीत. डबा हलवला नव्हता पुरेसा. घाई! लॅबमध्ये दुसऱ्यांना हेच सांगते दिवसभर — घाई करू नका, घाई करू नका.

ओलाच पुसून काढला. पुन्हा मारला. आता बरा आहे. चकचकीत ओला टप बघत बसले. काचेच्या डब्याखाली ठेवून झोपायला जाते.

१८ सप्टेंबर

लॅबमधून आले तर डबा बाजूला आणि टपाच्या बरोब्बर मध्यभागी अंगठा! अख्खा. रेघान् रेघ उमटलेली.

"धूळ बसली होती, म्हणून पुसली," म्हणाल्या.

मी ओरडले. इतकी ओरडले की माझा आवाज मलाच ओळखू येईना. कशाला हात लावता, माझं एवढंच तर आहे या घरात, वगैरे वगैरे. त्या म्हणाल्या, "खेळण्यासाठी इतकं ओरडतं का कुणी?"

"खेळणं नाही ते!"

"तोंडात तुझेच दात आहेत, म्हणून गप्प बसते. नाहीतर चांगलं सुनावलं असतं."

त्यांची कवळी मीच केलीय, हे खरंच. आतल्या आत हसू फुटलं, पण दाखवलं नाही. जेवताना दोघी ताटात बघून जेवलो.

२० सप्टेंबर

सकाळी त्याच म्हणाल्या, "त्याचं काय करायचं आता?"

म्हटलं, रंग पूर्ण वाळू द्यायचा. आत्ता घासला तर लगदा होईल. दोन-तीन आठवडे तसाच राहील.

"म्हणजे तोवर माझा अंगठा मिरवणार गाडी." स्वतःशीच खुसखुसल्या. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. "बसून काय करू? दे काहीतरी."

टायर दिले. कडेची प्लॅस्टिकची रेघ घासून काढायची. चारही काढल्या. मधूनमधून "हे किती बारीक", "डोळे फुटतील माणसाचे", "तुझ्या आईने तुला वेळेवर आवरलं नाही". पण काढल्या. टायर माझ्यापेक्षा गोल आलेत.

इतक्या महिन्यांत टेबलाच्या त्या बाजूला पहिल्यांदा कुणी बसलं.

२८ सप्टेंबर, रविवार

तो आईला घेऊन जाणार. येत्या शनिवारी. त्याच्याकडे लिफ्ट आहे, दिवसभराची बाई आहे, आईला वेगळी खोली आहे. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुलाही सुटल्यासारखं होईल."

मी म्हटलं, "तुमची इच्छा."

तुमची इच्छा! दुकानदार गिऱ्हाईकाला म्हणतो तसं. का म्हटलं मी असं?

४ ऑक्टोबर, शनिवार

गेल्या.

तो दारातच उभा राहिला. आत या म्हणावं की ये म्हणावं हेच कळेना मला — इतक्या वर्षांच्या नवऱ्याला! नुसतं दार आणखी उघडलं. त्याची नजर टेबलावर गेली. "अजून चालू आहे हे?" आवाजात कीव. राग असता तर चाललं असतं.

सासूबाई बाहेर जायचे कपडे घालून सोफ्याच्या टोकाला बसलेल्या, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तशा. बॅगा तो खाली नेऊन आला. त्या उठेनात.

"तू काही बोलणार आहेस का?" मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "औषधं निळ्या पिशवीत आहेत. सकाळची वेगळी बांधलीत."

"माझ्या तोंडात तुझे दात आहेत," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या तोंडात शब्द नाहीत."

तो हसला. त्याला वाटलं, आईचा नेहमीचा विनोद.

जिना उतरताना काठीचा आवाज खालपर्यंत येत होता.

५ ऑक्टोबर

टीव्हीचा आवाज जरा कमी करा, असं म्हणायला तोंड उघडलं. टीव्ही बंदच होता.

११ ऑक्टोबर

टप घासला. ओला कागद, हलका हात. एक-एक रेघ पुसट होत गेली. वेळ लागेल वाटलं होतं, पण चहा निवायच्या आत झालं सगळं. बोट फिरवून पाहिलं — गुळगुळीत.

मग नुसती बसून राहिले. उगाच घासला असं वाटत राहिलं. मूर्खपणा आहे. गाडीचा टप आहे तो, माणसाचा फोटो नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

हिरवा रंग असा काही लागलाय आज! एक कण नाही, ओघळ नाही. टपात वरची ट्यूबलाइट सरळ दिसते, जराही वाकडी नाही. माझ्या हातून आजवर असा कधी लागला नव्हता. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं.

फोटो काढला. मग पाठवायचा कुणाला? नावं वर सरकवत गेले, खाली सरकवत आले. लॅबचे मालक, दूधवाला, बँक, प्लंबर. शेवटी मॉडेलच्या दुकानदाराला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

२६ ऑक्टोबर

त्याचा फोन येत नाही आता रविवारी. कशाला येईल? आई तिथेच आहे.

तरी फोन टेबलावर ठेवून काम करते. चंदेरी पट्ट्या लावल्या दारांना. तीन फाटल्या, चौथी बसली.

२ नोव्हेंबर

सत्यानाश! पुढची काच धुरकटली. त्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाने. माहीत आहे मला, पक्कं माहीत आहे की त्याची वाफ काचेवर बसते — पांढरा साधा डिंक वापरायचा असतो, वाट बघायची असते. पण तो बाटलीत सुकला होता आणि दुकान बंद. म्हटलं, एक थेंब. त्या एका थेंबाने काचेवर धुकं. पॉलिश केलं, अजून वाईट झालं. आत पिवळ्या सीटा, बारीक पट्टे, गिअरचा दांडा — सगळं मन लावून केलेलं, आणि आता मोतीबिंदू झालेल्या डोळ्यातून बघितल्यासारखं दिसतंय.

गाडी उचलून भिंतीवर मारावी असं वाटलं. मारली नाही. मारली असती तरी आवाज ऐकणारं कोण होतं?

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंचा फोन! स्वतः लावलेला.

"गाडी झाली का?"

"नाही. पुढची काच बिघडली."

"कोणी बिघडवली?"

"मीच."

"बरं झालं. नाहीतर माझ्यावर आलं असतं." मग, "इकडे सगळं चकाचक आहे बाई. काहीच बिघडत नाही. मी उठले की बाई म्हणते बसा, बसले की म्हणते झोपा. ते दोघं रात्री येतात. गोड बोलतात. पाहुण्यांशी बोलावं तसं."

मी म्हटलं, "आई, या ना."

"चहाला?"

"राहायला."

पलीकडून आवाज आला, अगदी हळू, तिथे कुणी ऐकत असल्यासारखा — "वेड लागलंय का तुला? पोटचा मुलगा असताना सुनेकडे राहू? तेही त्याने सोडलेल्या? लोक काय म्हणतील?"

फोन बंद.

१० नोव्हेंबर

दिवसभर लाज वाटत होती. दोन साचे बिघडवले. मालक म्हणाले, "बरं नाही का?" म्हटलं, झोप झाली नाही.

पुन्हा कुणाला काही मागायला जायचं नाही.

१६ नोव्हेंबर

दुकानदाराने एका मोडक्या खोक्यातली काच काढून दिली. जराशी मोठी होती, कडेने घासून बसवली. पांढरा डिंक. दोन दिवस हात लावला नाही.

दुकानात आणखी एक जण होता, रेसच्या गाड्या करणारा. बोलावंसं वाटलं. त्याने विचारलं, "नातवासाठी का?" हो म्हटलं आणि बाहेर पडले. हो का म्हटलं, देव जाणे.

२३ नोव्हेंबर, रविवार

गाडी पूर्ण झाली. फडताळात ठेवली, बाकीच्यांच्या शेजारी. वरून दिवा सोडला. छान दिसते. दहा मिनिटं छान दिसते, मग नुसती गाडी असते.

दर वेळी हे होतं. संपलं की हात रिकामे आणि घर पुन्हा घराएवढं. म्हणून लगेच दुसरं खोकं उघडलं. आणि तिसरं, चौथंही. एकदम तीन गाड्यांचे भाग घासून, अस्तर मारून ठेवले. एवढं काम काढायची काही गरज नव्हती.

फोन वाजला नाही.

३० नोव्हेंबर

काही केलं नाही. लिहिण्यासारखंही नाही.

६ डिसेंबर, शनिवार

दुपारी बेल. दारात सासूबाई! मागे टॅक्सीवाला दोन बॅगा घेऊन धापा टाकत.

"त्याला माहीत आहे?" मी विचारलं.

"संध्याकाळी घरी आला की कळेल. बघू या, किती वेळाने लक्षात येतं."

"आणि लोक?"

"त्यांना सांग, सासू हट्टी आहे."

काठी टेकत सरळ आपल्या खोलीकडे निघाल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. पलंगभर वर्तमानपत्रं, त्यांवर ओळीने रंग वाळायला ठेवलेल्या गाड्या.

"निजायला जागा आहे, की सगळं पार्किंगच?"

मी धावले. एकेक उचलायला लागले, पण डोळ्यांपुढे काही धड दिसत नव्हतं.

"सावकाश उचल," म्हणाल्या. "मी राहायलाच आलेय."