धुरकट पिंपाचा वाटा

३ मार्च, सोमवार

उणे अठरा टक्के! सकाळपासून कॉम्प्युटर एकच धोशा लावून बसलाय — मिश्रणात धुरकट वासाच्या चहाचा वाटा उणे अठरा!

आमच्या कंपनीचा चहा पाच पिंपांतून मिसळतात. मिसळणारे माझे सख्खे मामा. तीस वर्षं झाली. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. प्रमाण कुठंही लिहिलेलं नाही. "हाताला ठाऊक आहे," म्हणतात, की संपलं! आता मॅनेजरबाईंना ते कागदावर हवंय. म्हणून मी पाचही चहांचे रंग, तुरटपणा असे चौदा गुण प्रयोगशाळेत मोजून घेतले, मिश्रणाचेही घेतले. कुणाचा किती वाटा धरला की आकडे जुळतात, ते रिग्रेशन नावाच्या गणितानं काढतेय. जुळतात झकास! फक्त एक चहा न घालताच परत काढून घ्यावा लागतो.

मामांना सांगितलं. ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, उणा चहा कुठल्या चमच्यानं मोजू?"

४ मार्च

अट घातली — कुणाचाही वाटा शून्याखाली जायचा नाही. तर बेरीज एकशे सात! मग दुसरी अट — बेरीज बरोबर शंभर. आता स्वारी माणसात आली.

पण धुरकट शून्यावर जाऊन बसलाय. हलायला तयार नाही. आणि मी तर रोज डोळ्यांनी बघते — मामा धुरकट पिंपातून ओंजळ भरतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात. देवळात उभे असल्यासारखे!

७ मार्च

मागच्या सहा वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासले. सहाही वेळा शून्य. प्रयोगशाळेतल्या ताई म्हणाल्या, "काढून टाक की त्या अटी." काढल्या की पुन्हा उणे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

१० मार्च

पकडलं!!

आज समोर न थांबता पिंपांच्या मागं जाऊन उभी राहिले. मामांनी ओंजळ भरली, हुंगली, डोळे मिटले — आणि वळता वळता सगळी पत्ती गुपचूप परत त्याच पिंपात!

"मामा!"

"हळू बोल! तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. नक्कल करणारे सगळे धुरकट घालायचे आणि तोंडावर आपटायचे."

पोट दुखेपर्यंत हसलो दोघं. माझं शून्य खरं होतं! आज मी स्वतःवर बेहद्द खूश आहे.

११ मार्च

हौसेनं मॅनेजरबाईंना सांगायला गेले — सूत्र जवळजवळ सापडलंय. "वा! मग उस्तादांना आता विश्रांती देऊ. यापुढं मशीन मिसळेल."

असं होईल, हे मला आधी का कळलं नाही?

मामांना सांगितलं. "बरं," म्हणाले. धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले. मग म्हणाले, "घरी बसून काय करू गं? भिंती हुंगू?" मला रडूच फुटलं. माझ्या हुशारीला आग लागो.

१२ मार्च

तिसरी अट घातली. धुरकट — किमान पंधरा टक्के.

कॉम्प्युटर बिचारा, सांगाल ते ऐकतो. आकडे कुठल्या कुठं गेले. कागद मॅनेजरबाईंना देऊन आले. असला चहा पहिल्या घोटाला थुंकतील आणि मामांना हाका मारत येतील. लबाडी आहे, कबूल. पण भाची कुणाची!

१४ मार्च

नव्या सूत्राचा चहा आज सगळ्यांनी चाखला. मामांना एका घोटात कळलं. माझ्याकडे बघून "वेडी पोर" एवढंच पुटपुटले.

मॅनेजरबाईंनी अख्खा कप संपवला. मामांच्या समोरच म्हणाल्या, "उस्तादांपेक्षा छान झालाय!"