उतरलेला गंधार

आप्पा, आज दुपारी वाशीकडचे ते बुवा त्यांची पेटी घेऊन गेले, आणि तेव्हापासून माझं दुसऱ्या कामात मन लागत नाहीये. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. तरी तुमच्या हातच्या पेट्या अजून कळंबच्या या दुकानात येतात. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या अडकलेल्या. झाकण काढून भाता ओढला की आतून जुनी हवा बाहेर येते, आणि मला वाटतं, तुम्ही आतच बसला आहात आणि माझं काम बघताय. मी सूर तपासायला फोन समोर ठेवते. त्यावर एक काटा असतो, सूर बरोबर असला की तो मधोमध उभा राहतो. तुमच्या प्रत्येक पेटीत एक सूर किंचित उतरलेला निघायचा. एकीत पांढरी चारची पट्टी, दुसरीत पांढरी पाच, तिसरीत पांढरी दोन. मला वाटलं, तुमचे कान गेले होते आणि घरात कुणाला कळलंच नाही. तुमची लाज राखायची म्हणून मी न सांगता, न विचारता ते सूर कानशीनं टोकाशी घासून, चढवून जागेवर आणत गेले. सात पेट्या झाल्या. घासण्याआधी सूर कुठं होता ते मात्र दर वेळी वहीत लिहून ठेवलं, कारण खाडाखोडीचीही नोंद ठेवायची हे तुम्हीच शिकवलंत.

खरं सांगायचं तर तुमची चूक सापडल्यावर थोडं बरंही वाटलं होतं. अजून डोळ्यांसमोर येतं, मी नऊ वर्षांची आहे. दुकानाच्या पायरीवर बसून तुम्ही दिलेले दोन सूर ऐकते आहे. एकाकडं बोट दाखवून म्हणते, "आप्पा, मला हा आवडला." तुम्ही मान वर न करता म्हणता, "आवड जिलबीत ठेव. बराबर हाय का चूक, तेवढं सांग." शेजारचा चहावाला हसतो, "पोरीला जिलबी तरी द्या की मास्तर!" त्या दिवसापासून मला कुठलंही गाणं, कुठलंही चित्र नुसतं आवडून घेता आलेलं नाही. आधी मनात तुमचा प्रश्न येतो आणि मी घाबरते. लोक म्हणतात, ज्याची त्याची आवड. मला ते कधीच म्हणता आलं नाही.

बुवांनी पेटी भात्यासाठी आणली होती. मी भाताही केला आणि पांढरी चारही चढवून दिली. आठ दिवसांत ते परत आले.

"ताई, पेटीला काय केलंत?"

"भाता नवा केला. एक सूर उतरला होता, तो नीट केला."

"उतरला नव्हता त्यो. माझं गाणं तिथंच टेकायचं. आता बसाया गेलं की कुणी पाट काढून घेतल्यावानी होतंय."

मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून काटा नीट बघितला. म्हणाले, "ह्ये बराबरच आसंल. पर ह्याला गाता येतंय व्हय? तुमच्या आप्पानं आधी मला गाया लावलं हुतं, मंगच पेटी उघडली."

तिथं मला आठवलं. आलेल्या माणसाला तुम्ही आधी चहा द्यायचात आणि म्हणायचात, "गा." माणसं लाजायची, रस्त्याकडं पाठ करून गायची. मला ती तुमची पाहुणचाराची रीत वाटायची. मी बुवांना गायला लावलं. त्यांचा सा लागतो काळी एकवर. तिथून गंधार मोजला तर येतो पांढरी चारवर. मग वही काढून बाकीच्या सहाजणांना फोन करून विचारलं, तुम्ही कुठून गाता? सगळीकडं तेच. प्रत्येकाच्या गळ्याचा गंधार तुम्ही मुद्दाम उतरवून ठेवला होता.

मी खूप शोधलं, आप्पा. फोन सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, तंबोऱ्यात घुमणारा गंधार त्याहून खाली असतो. म्हणजे आप्पा बरोबर होते, असं वाटून मला रडू आलं. पण वहीत बघितलं तर तुमचा गंधार तिथंही नव्हता. तो दोन्हींच्या मध्ये होता, आणि तिथं तो का असावा याचा हिशोब कुठंच मिळत नाही. म्हणजे तो तुम्हाला नुसता आवडत होता का? मग मला का नाही आवडू दिलंत? आणि नुसती आवड असेल, तर सात अनोळखी गळे तिथं जाऊन कसे टेकले? घासलेलं पितळ परत भरून येत नाही. सात घरांतून मी तुम्हाला पुसून टाकलं आहे, तेही अगदी बरोबर.

आज बुवा माझ्याकडं ठेवून गेलेल्या पेटीसाठी परत आले. मी फोन खणात ठेवला. मुळाशी खरवडलं की सूर उतरतो, म्हणून सुराची पितळी जीभ तिथं जरा जरा खरवडत गेले, ते गात राहिले. एका जागी ते थांबले. डोळे मिटलेलेच होते. "ह्योच. आप्पाचा." ते चहा घेत होते तेव्हा मला राहवलं नाही. आत जाऊन मोजलं. तो तुमचा नव्हता. तुमच्या गंधाराहून आणखी खाली होता. बाहेर आले तर बुवांनी विचारलं, "आप्पाचाच हाय नव्हं?" साध्या खिळ्याचं मापही दोनदा तपासून घेणारी मी, "व्हय" म्हणाले.

आता घरातली एकच पेटी उरली आहे, जिच्यावर तुम्ही मला शिकवलंत ती. ती मी मोजलेली नाही. हा कागद तिच्या झाकणाखाली ठेवणार आहे. तुम्ही असता तर सगळं ऐकून एवढंच विचारलं असतं, बराबर हाय का चूक? ते मला सांगता येत नाही, आप्पा. बुवांच्या पेटीतला तो सूर मला आवडला. तुमच्या गंधारापेक्षा जास्त.