आखाजीला काढलेलं रक्त

आबा,

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्या नावाची घागर यंदाही भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली, सगळ्यांनी हात जोडले आणि तुम्ही किती चांगले होतात ते सांगून झालं. तुम्ही कशानं गेलात हे विचारलं की उत्तर एकच, गॅस झाला होता. चाळिशीही न गाठलेला, अंगानं काटक, दिवसभर केळीच्या बागेत राबणारा माणूस गॅसनं जातो का? मी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्यासमोर हे बोलतात तेव्हा डोकं फिरतं.

तुमच्या टाचेमागच्या शिरेवर गाठी होत्या. मला अजून दिसतं, तुम्ही ओट्यावर बसून त्यांना बिब्बा लावताय. अनवाणी चालून होतं हे, असं ठणकावून सांगताय आणि चप्पल घालत नाही म्हणून वर मलाच रागावताय. ते कोलेस्टेरॉल होतं, आबा. आई-बापाकडून मुलांत उतरणारं, जन्मापासून रक्तात वाढलेलं, ऐन तरुणपणी हृदय बंद पाडणारं. बारीक माणसालाही असतं. माझ्या रक्तातही निघालं, मी रोज गोळी घेते.

मग रक्त तपासून घ्या म्हणून मी घरच्यांच्या मागे लागले. आमच्या दवाखान्याची तपासणी घरोघर जाते आणि तिशीपुढच्यांची साखर नि बीपी बघते. पण हा आजार रक्ताच्या नात्यानं जातो, आणि आपल्याकडे निम्मं रक्त लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेलं असतं. आत्याला सुरतेला दिली होती. तीही तुमच्यासारखीच अचानक गेली, पण परक्या घरची म्हणून तिचं मरण तुमच्या मरणाशी कोणी जोडलंच नाही. सगळ्या लेकी एकत्र सापडतात त्या आखाजीला माहेरी आल्यावरच. म्हणून डॉक्टरांचं डोकं खाऊन परवानगी काढली, आणि ज्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता त्याच्याखाली खुर्ची मांडून बसले.

बाकीच्यांनी कुरकुरत का होईना हात पुढे केले. दादा मात्र भडकला. त्याच्या मुलीचं लग्न जमत आलंय. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुन्हा कागदमा काही निंघनं तं मन्ही पोरले कोण करी?" मी म्हटलं, हे मोडलं तर दुसरं जमेल. तर म्हणे लग्नानंतर बघू. अगदी तुमचाच मुलगा! छातीत कळ आली तेव्हा तुम्हीही ऊस तुटू दे, मग बघू, म्हणाला होतात.

वडीलधारी जेवायला बसली तशी त्याची ती पोरगी आपणहून आली, खुर्चीत बसली आणि बाही वर केली. कॉलेज संपलेली मुलगी, तिला बापाला विचारायची गरज नव्हती. तिचा आकडा माझ्याहून जास्त निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय, ती बापापासून लपवून टिकल्यांच्या डब्यात ठेवते. दादा माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. मला त्याचा इतका राग येतो की भाकरी थापतानाही मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत असते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुमच्या नातवाचं, माझ्या मुलाचं रक्त मी अजून तपासलेलं नाही. आखाजीला तो आला नव्हता. क्लास बुडेल म्हणून शहाद्यालाच ठेवला, असं मी सगळ्यांना सांगितलं. क्लासला त्या दिवशी सुट्टी होती.