खिडकीत कुणीच नव्हतं

२ एप्रिल, इचिकावा

आलो बाई एकदाचे! ओसाकाचं खुराडं सुटलं. हेही घर लहानच आहे, पण बाल्कनीतून नदी दिसते आणि स्टेशन हाकेच्या अंतरावर. शेजारच्या काकूंनी कचऱ्याचे नियम इतक्या भक्तिभावाने समजावले की मला सत्यनारायणाची पोथी आठवली. ऋषी नुसती मान डोलावून बँकेत पळाला. नवरे असेच! तन्वी पहिलीत जाणार म्हणून दप्तर पाठीला लावून घरभर फिरतेय. मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीतच. उद्यापासून माझी नवी नोकरी, टोकियोत. जुने सिनेमे सॉफ्टवेअरने धुऊनपुसून लख्ख करायचे. मला घरातली जळमटं दिसत नाहीत असं सासूबाई म्हणतात, आता बघा म्हणावं.

९ एप्रिल

पहिलंच काम झकास मिळालंय. शंभरेक वर्षांपूर्वीचा जर्मन मूकपट, तोही भुताचा! मेलेला घंटेकरी मनोऱ्यावरून खाली उतरतो आणि ज्याच्याकडे बघतो तो मरतो. तो नट डोळ्यांत वाटीभर काजळ घालून असा बघतो की ह्याची दाढ दुखतेय की काय असं वाटावं. नायिका उठसूट बेशुद्ध पडते. मला आवडली ती मोलकरीण झालेली पोरगी. मागच्या खिडकीत पांढऱ्या एप्रनमध्ये काचेला हात लावून उभी असते, एकदाच मान हलवते, आणि अंगावर काटा येतो. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. आमचे साहेब ओनो-सान म्हणाले, तिचा दुसरा सिनेमाही कुठे सापडत नाही. ही जगातली एकच प्रत, आणि इतकी कुजलेली की स्कॅन करून मूळ फिल्म टाकूनच द्यावी लागली.

१८ एप्रिल

इथला नियम असा, की मशीनने साफ केलेलं चित्र न् चित्र आधी एकाने डोळ्यांनी बघायचं, मग दुसऱ्याने, आणि मगच मूळ स्कॅन पुसायचं. मी म्हणजे जन्माची घाईवाली, त्यात तन्वीच्या शाळेत पालकसभा. न बघताच सगळं पाहिलं म्हणून सांगून टाकलं. कश्मिरा-साननी, म्हणजे मी, पाहिलंय ना, म्हणत ओनो-साननी वरवर चाळलं, आणि जागा हवी म्हणून मूळ स्कॅन मीच पुसलं. साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या वेगाचं कौतुक केलं. मी आपली फुशारले.

२४ एप्रिल

आज मुरासे-सान आल्या. ऐंशी ओलांडलीय त्यांनी. त्या बेन्शी आहेत, म्हणजे मूकपट चालू असताना पडद्याशेजारी उभ्या राहून सगळ्या पात्रांचं त्याच बोलतात. हा सिनेमा त्यांना गुरूंकडून तोंडपाठ. तालीम मस्त रंगली होती. खिडकीचा प्रसंग आला तशी त्यांनी आवाज अगदी बारीक केला आणि मध्येच थांबल्या. पडद्यावर खिडकी रिकामी होती. सॉफ्टवेअरने त्या पोरीला डाग समजून पुसून टाकलं होतं.

मुरासे-साननी विचारलं, इथली मुलगी कुठे गेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, तिथे डाग होता, मुलगी नव्हतीच. तर त्या म्हाताऱ्या बाईने कमरेत वाकून माझीच माफी मागितली. वय झालं, डोकं दगा देतं, म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२९ एप्रिल

मुरासे-साननी कार्यक्रम सोडला. ह्यापुढे कुठेच उभी राहणार नाही, म्हणाल्या, आठवणीचा भरवसा राहिला नाही. जन्मभराचं काम गेलं बिचारीचं, ते माझ्यामुळे! खरं सांगायला ओनो-सानच्या टेबलापर्यंत गेले होते. नोकरी जाईल ह्या भीतीने चहा घेणार का, एवढंच विचारून परत आले. जळो मेलं माझं भित्रेपण.

घरी तन्वी बाल्कनीच्या काचेशी जपानीत गप्पा मारत होती. कोणाशी, विचारलं, तर एप्रनवाल्या ताईशी. ताईला उभं राहायला जागाच उरली नाही म्हणे. मी पडदा ओढून घेतला.

४ मे

सकाळी पुण्याला व्हिडिओ कॉल केला. तन्वी माझ्या मांडीवर होती. सासूबाई म्हणाल्या, अगं, पोरीला बोलाव ना, कुठे लपलीय? मी नेटवर्कवर ढकललं. मग फोनमधले जुने फोटो उघडून पाहिले — ओसाकाचे, वाढदिवसाचे — एकातही तन्वी नाही. तिच्या जागी मागची भिंत, सफाईने भरलेली. ती सफाई मी ओळखते. तन्वीला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, माझी जागा ताईला दिली, तू तिची घालवलीस ना.

९ मे

शाळेत बाई अदबीने म्हणाल्या, ह्या नावाची मुलगी आमच्याकडे नाही. तन्वी माझा हात धरून तिथेच उभी — आणि सगळे वाकून माझीच माफी मागतायत. ऋषी विचारतो, हे दप्तर कोणाचं आणलंस. खरंच आठवत नाही त्याला — अरे देवा, त्याची स्वतःची पोर —

११ मे

ओनो-सानना सगळं सांगितलं. तिच्या दुसऱ्या सिनेमाचं त्यांनीच म्हटलं होतं, पण आता अशी मुलगी होती हेच त्यांना आठवेना, थोडी विश्रांती घ्या म्हणाले. तशीच तन्वीला घेऊन मुरासे-सानकडे धावले. पाय धरले. मी खोटं बोलले, मुलगी होती, तुम्ही एकदा म्हणा ती होती — त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. नाही गं बाळ, म्हणाल्या, तूच तर माझा भ्रम घालवलास, खिडकीत कुणीच नव्हतं. तिला आठवणारी एकच बाई उरली होती. तिलाही मीच —

१२ मे

तन्वी मांडीवर आहे. वजन लागत नाही. तिच्यातून चादरीवरची फुलं दिसतायत — नजर हलवत नाही मी — बोलत राहते, तन्वी आहे, माझी तन्वी आहे —

ऋषीने दारातून विचारलं, कोणाशी बोलतेस. खरं सांगायचं होतं. एवढंच तर करायचं होतं. तन्वी माझ्या तोंडाकडे बघत होती — आणि हा मला वेडी समजेल म्हणून — तोंडून निघून गेलं, कुणाशी नाही. मांडीवर —