फळ्यावरची मोहीम

रविवार, १५ जून १९९७
सानपाडा

सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी खडूने लिहिलं होतं, 'श्री. देशपांडे यांची हिमालय मोहीम. स्लाइड शो, संध्याकाळी सहा.' मोहीम हा शब्द मीच सुचवलेला. सहल म्हटलं तर कोण येणार?

ट्रॅव्हलवाल्यांचं आठ दिवसांचं पॅकेज होतं. सॅक हमालाने वाहिली, मी रोज गरम पाण्यासाठी कटकट केली. यातलं बोललो काहीच नाही.

शो संपल्यावर आमचे वॉचमन पाटीलकाका खुर्च्या आवरत होते. मूळचे इथल्याच गावचे. त्यांनी सहज विचारलं, "साहेब, बर्फात वाट कोनी दाखवली?"

"आम्हीच शोधली," मी म्हणालो. इतकं पटकन कसं आलं तोंडात?

ते खूश झाले. "खाडीत पन तसंच हाय. गाळ सरकतो, होडीला रोज नवी वाट बघाया लागते. माज्या बापानं शिकवली, नायतर कधीच बुडालो असतो."

मला वाट त्या हमालाने दाखवली होती. माझीच सॅक पाठीवर घेऊन तो पुढे चालायचा. आठ दिवस मी त्याला 'ओ भैया' म्हणत होतो. नाव विचारलंच नाही.

वर येताना फळ्यापाशी थांबलो. खडू तिथेच होता. मोहीम पुसून सहल लिहायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि मी निघून आलो.

इथे तरी लिहितो. सहल.