प्लॉटवरचा कर सांगायला गेले

मंगळवार संध्याकाळ, नांदेड

सांगून आले एकदाचं. आठवडाभर टाळत होते.

अर्धापूरचे केशवकाका आमच्या सीए ऑफिसचे जुने क्लायंट. कायदा बदलून बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झाल्याचं टीव्हीवर ऐकून खूश होते, आपल्याला आता टॅक्स न्हाई म्हणून. पण यंदा त्यांनी प्लॉट विकला, आणि त्या नफ्याला ती सूट लागू नाही. माझे भागीदार म्हणाले, "रिटर्न भरताना सांगू." तेव्हा सांगून काय उपयोग? तोवर पैसे राहतील का? म्हणून आज मीच त्यांच्या घरी गेले.

कर किती लागेल ते काकांना सांगितलं, तेवढे पैसे बाजूला ठेवायला सांगितलं. मला वाटलं, आता उठ म्हणतात.

मग काकू म्हणाल्या, "बरं झालं पोरी, आताच सांगितलंस. समदे पैसे जावयाच्या दुकानात घालायला निघाले होते हे."

काका हळूच म्हणाले, "फोनवर सांगितलं असतंस तर लई भांडलो असतो. घरी आलीस म्हणून ऐकून घेतलं."

घरी जाऊन सांगायचं हे मला आधी का सुचलं नाही? यंदा प्लॉट विकलेले अजून तिघं आहेत. उद्या त्यातल्या एकाकडे, हिमायतनगरला जाते.